अम्मीचं परतीचं तिकीट

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता अम्मीला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेलो. धाकटा भाऊ मेलबर्नच्या पश्चिमेला ऑल्टोनात राहतो. सकाळी लोकलने शहरात कामाला जायचं, संध्याकाळी परतायचं. अगदी आमच्या पनवेलसारखं. पण इथे स्टेशनातून पाच मिनिटं चाललं की समुद्र! पाणी उथळ, ओहोटीला माणसं घोट्याएवढ्या पाण्यात दूरवर चालत जातात. वारा मात्र नोव्हेंबरातही बोचरा. (स्वेटर आम्ही एकच नेला होता.)

अम्मीला किनाऱ्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. रविवारी भावाने जवळच पॉइंट कुकला नेलं. तिथलं चीथम पाणथळ म्हणजे पूर्वीची मिठागरं. मीठ काढणं बंद झालं, जागा पक्ष्यांसाठी राखली. हे ऐकून अम्मी थबकली. अब्बांची उभी हयात उरणच्या मिठागरावर हिशेब लिहिण्यात गेली. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

किनाऱ्याच्या चिखलात चिमणीएवढे पक्षी भराभर टिपत होते. रेड-नेक्ड स्टिंट, सायबेरियातून इथवर येतात.

अम्मीने आता इथेच राहावं, असा भावाचा आग्रह होता. खरं सांगायचं तर, तिचं औषधपाणी आणि आमच्या दोघांच्या शाळा बघता आम्हालाही ते सोयीचं वाटू लागलं होतं. म्हणून आम्ही गप्पच होतो.

"हे परत कधी जातात?" अम्मीने विचारलं.

"मार्च-एप्रिलात."

"मग माझंही तिकीट त्याच सुमाराचं काढ. तोवर राहते."

भावाने आमच्याकडे पाहिलं. आम्ही चटईवरची वाळू झटकू लागलो.