छज्ज्याची सळई

नंदुरबारकडच्या साइटवर गवंडी ‘छज्जा’ म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात खिडकीवरची दीड-दोन फुटांची काँक्रीटची पट्टी असते. जुन्या वाड्यातला ‘सज्जा’ वेगळा. तो वरच्या मजल्याचा, माणसांनी बसायचा. आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर असते वळचण. कुडाच्या भिंतीपुढे पाखं खाली उतरलेलं, त्याच्या आडोशाला सरपण रचलेलं, नांगर टेकवलेला. तिन्हींत मला वळचणच शहाणी वाटते. मातीनं लिंपलेली भिंत सातपुड्याच्या पावसात उभी राहते ती तिच्या जिवावर.

पुढचं टोक अधांतरी, मग भार धरतो कोण? लाकडी सज्ज्याला खालून तिरका टेकू देता येतो. काँक्रीटच्या छज्ज्याला मागे लिंटलमध्ये, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईत, रोवलेली सळई धरते. भरलेली बादली हात लांब करून धरा, ताण खांद्याच्या वरच्या अंगाला येतो. छज्ज्यातही तसंच, म्हणून मुख्य सळई वरच्या थरात हवी. स्लॅबमध्ये ती खाली बांधायची सवय झालेला फिटर इथेही खालीच बांधतो. कधी बरोबर बांधलेली जाळी काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायाखाली दबते. वरून काहीच कळत नाही. सेंटरिंगच्या आधाराच्या फळ्या काढल्यावर छज्जा वाकतो, कधी थेट खाली येतो. लिंटलवर वीटकाम चढण्याआधी फळ्या काढायची घाईसुद्धा तितकीच वाईट, कारण ते वजनच त्याला मागून दाबून ठेवतं. आणि खालच्या कडेला बोटभर खाच ठेवायला विसरू नये, नाहीतर पाणी ओघळत भिंतीपर्यंत येतं.

छज्जा किती बाहेर काढायचा, हे उन्हाला विचारावं. नंदुरबार साधारण २१.४ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, डिसेंबरच्या अखेरीस दक्षिणेला ४५ अंशांवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल, तर हिवाळ्यातल्या दुपारी त्याची सावली दोनच फूट खाली येते आणि उरलेल्या खिडकीतून ऊन घरात शिरतं. उन्हाळ्यात दुपारी सगळी खिडकी सावलीत. पश्चिमेला मात्र छज्जा अपुरा पडतो, तिरपं ऊन त्याच्या खालून घुसतं. तिथं झाड किंवा ओसरी हवी.

दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून हल्ली छज्जे छाटतात आणि काच लावून एसी बसवतात. आपल्याकडच्या उन्हात हे मला अजिबात पटत नाही. घर बांधत असाल तर छज्जा छाटू देऊ नका. ओतकामाच्या दिवशी साइटवर थांबा, आणि काँक्रीट पडायच्या आधी सळई वर आहे ना, ते स्वतः पाहा.