सातबाऱ्यावर नाव नसलेली मालकीण

नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यातली बाई घटस्फोटासाठी माझ्याकडे आली, की हमखास विचारते, ‘मॅडम, निम्मं तरी मिळेल ना?’ द्राक्षबागेत छाटणीपासून विरळणीपर्यंत ती राबलेली असते, गोठा तिनेच सांभाळलेला असतो. तरी मला सांगावं लागतं, की आपल्याकडे घटस्फोटानंतर नवऱ्याच्या मालमत्तेची वाटणी होत नाही. जमीन ज्याच्या नावावर, त्याची. तिला मागता येते ती पोटगी.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे, वेगळा करार केला नसेल तर, नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरतात आणि घटस्फोटात निम्मी-निम्मी होते. आपल्याकडेही घटस्फोटित पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून भरपाई देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेने मंजूर केलं होतं. लोकसभेत ते अडकलं आणि बारगळलं. हे मला आजही सलतं.

कर्जाची गोष्ट तर त्याहून वाईट. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर, त्यातून घेतलेलं ठिबक त्याच्या शेतात! घटस्फोटानंतर ठिबक तिथेच राहतं, हप्ते तिच्या मागे येतात. म्हणून संमतीने घटस्फोट घेताना कोणतं कर्ज कोण फेडणार, हे मी तडजोडीत लिहूनच घेते.

पोटगीच्या दाव्यात नवरा म्हणतो, शेती तोट्यात आहे. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. शेतकऱ्यांसाठी त्याचा वेगळा नमुनाही दिला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही तिथेच ठरलं. पण तोट्याचा दावा खोडायला टोमॅटोच्या पट्ट्या, उसाची बिलं, दुधाचा हिशेब हाताशी हवा. बायांनो, या कागदांचे फोटो काढून ठेवा.

घर बहुधा सासऱ्याच्या नावावर असतं. २०२० च्याच दुसऱ्या एका निकालानुसार कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अशा घरातही सून राहण्याचा हक्क मागू शकते. मात्र तो हक्क राहण्याचा, मालकीचा नव्हे. नवऱ्याच्या नावावरची खोली किंवा जागा तिला द्यायची ठरली असेल, तर बक्षीसपत्र हुकूमनाम्याआधी करून घ्यावं. पत्नीला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. नातं संपल्यावर ती सवलत उरत नाही.

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी कुटुंबांना, ती आदिवासी असल्याने, हिंदू विवाह कायदा लागूच नाही. तिथे काडीमोड रूढीने होते आणि बाई बहुतेक वेळा रिकाम्या हाताने माहेरी परतते. पोटगी आणि हिंसाचारविरोधी कायदा मात्र तिलाही आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

शेजारच्या खेड तालुक्यातल्या आंबेठाणहून शेतकरी चळवळ उभी करणाऱ्या शरद जोशींनी बायकोच्या नावावर जमीन करून देण्याची, लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. पुढे १९९२ मध्ये शासनाने, नवऱ्याने अर्ज केल्यास बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. संसार सुखाचा असतानाच हे करायचं असतं. शेतकरी भावांनो, यंदा पाडव्याच्या ओवाळणीत तलाठ्याकडचा तो अर्ज द्या.