मापाची विळी

विळी ही वापरणाऱ्या बाईच्या मापानं घडवून घ्यायची वस्तू होती, चोळी शिवून घ्यावी तशी. पाट केवढा, पातं किती उंच, त्याला पुढे कल किती, हे सगळं तिच्या बैठकीवरून ठरायचं. उंच बाईला ठेंगणं पातं मिळालं की पाठ वाकते, बुटक्या बाईला उंच पातं मिळालं की खांदे चढतात. दोघींचं अंग दुखतं, आणि दोघींनाही वाटतं की आज कामच फार होतं. माझ्या आजोळी, रत्नागिरी जिल्ह्यात, हे माप लोहार घ्यायचा. त्या मापाबरहुकूम पातं घडवण्यात जी कारागिरी होती तिला आपण कारागिरी म्हटलंच नाही. पैठणीला म्हटलं, तांब्याच्या भांड्यांना म्हटलं, सावंतवाडीच्या लाकडी फळांना म्हटलं. विळी रोजच्या राबत्यातली, म्हणून ती राहून गेली.

आजीच्या विळीचा पाट फणसाच्या लाकडाचा होता. जिथे पाय टेकायचा तिथे त्याला झिजून खळगा पडला होता. पातं काळसर, पाठीला जाड आणि धारेकडे उतरत गेलेलं. टोकाला नारळ खवायची चपटी, दातेरी खवणी. उजवा पाय पाटावर दाबून, डावा गुडघा उभा धरून आजी बसायची आणि माणसांशी बोलत बोलत चिरायची. नजर भाजीवर क्वचितच असायची.

सुरीनं चिरताना एक हात सुरीला जातो आणि भाजी धरायला एकच उरतो. विळीचं पातं जागच्या जागी उभं असतं, म्हणून दोन्ही हात भाजीला मिळतात. आडमुठा लाल भोपळा दोन्ही हातांत धरून, अंगाचा भार देत पात्यावर लोटता येतो. त्याच पात्यावर मेथीची जुडी मुठीत आवळून अगदी बारीक चिरता येते. पात्याला वळण असतं त्याचंही कारण आहे. भाजी पुढे लोटली की ती पात्यावरून थोडी सरकते, आणि नुसत्या दाबानं जे चेंगरलं असतं ते या सरकण्यानं स्वच्छ कापलं जातं. पिकल्या टोमॅटोवर हे लगेच कळतं. अशी उभ्या पात्याची हत्यारं आपल्याकडे दूरवर आहेत. गोव्यात आदोळी, कर्नाटकात ईळिगे मणे, तमिळनाडूत अरिवाळमनै, बंगालात बोटी. कोलकात्याच्या मासळीबाजारात भल्यामोठ्या बोटीवर रोहू कापताना पाहिला तेव्हा मी बराच वेळ तिथून हलले नाही. ती बैठक, तो पायाचा दाब माझ्या ओळखीचा होता.

काळ्या पात्याची मर्जी सांभाळावी लागे. साध्या पोलादात क्रोमियम नसतं, म्हणून ते गंजतं. केळफूल किंवा कच्चं केळं चिरलं की त्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून पातंही काळं होतं आणि भाजीही. म्हणून आजी आधी हाताला आणि पात्याला खोबरेल चोळायची आणि चिरलेलं लगेच पाण्यात टाकायची. फणसाचा चीकही त्या तेलामुळेच पात्याला चिकटून बसत नसे. कैरी किंवा लिंबू चिरून झालं की विळी तशीच सोडायची नाही, धुऊन लगेच कोरडी पुसायची. काम संपलं की ती आडवी ठेवायची, कारण घरात रांगती मुलं असत. नागपंचमीला चिरणं-कापणं वर्ज्य, म्हणून पातोळ्यांचं चून आदल्या रात्रीच शिजवून ठेवलेलं असे आणि विळीला एक दिवस विश्रांती मिळे. खंडेनवमीला कोयत्याशेजारी तिलाही हळदकुंकू आणि झेंडूचं फूल.

आता लोहारशाळेबद्दल. ती गावाच्या कडेला, ओहोळाजवळ, ठेंगणी, कौलारू आणि दिवसाही अंधारी होती. हा अंधार कामाचा भाग होता हे मला फार उशिरा समजलं. लोखंड किती तापलं ते लोहार रंगावरून ओळखतो, आणि उन्हात तो रंग दिसत नाही. मंद लाल, चेरीसारखा लाल, नारिंगी, पिवळा, प्रत्येक रंगाचं काम वेगळं. ठोकून आकार द्यायचा तो पिवळ्या-नारिंगी रंगावर. थंड होत चाललेलं लोखंड ठोकत राहिलं तर त्याला तडा जातो, म्हणून पुन्हा भट्टीत. एकजण भाता ओढायचा, एकजण घण घालायचा आणि म्हातारा लोहार सांडशीत पातं धरून छोट्या हातोडीनं ऐरणीवर इशारा द्यायचा. पुढचा घण कुठे पडायचा ते ती हातोडी सांगे. तोंडानं कुणी काही बोलत नसे.

पोलाद यायचं ट्रकच्या कमानपाट्यांतून. ही निवड अडाणीपणाची नव्हती. कमानपाट्याच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. एवढ्या कार्बनवर धार कडक होते आणि पातं ठिसूळही होत नाही. गाडीचा भार आणि रस्त्यावरचे धक्के वर्षानुवर्षं सोसायला घडवलेली ती धातू. ट्रक येण्याआधीची रीत वेगळी होती. पोलाद महाग, म्हणून पातं मऊ लोखंडाचं करत आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात एकजीव करत.

खरी परीक्षा पाणी देताना. पातं चेरीसारखं लाल झालं की लोखंडाच्या आतली रचनाच बदललेली असते. ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास लोखंडाचं चुंबकत्वसुद्धा जातं. आमच्या लोहाराकडे चुंबक नव्हतं. तो तेवढा रंग येईपर्यंत थांबायचा आणि मग फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवायचा. एकदम थंड झालेली धार काचेइतकी कडक होते, आणि तशीच ठेवली तर काचेसारखीच तुटते. म्हणून तो पातं बाहेर काढून धारेजवळचा थोडा भाग दगडावर घासून चकचकीत करायचा आणि बघत बसायचा. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडे उतरते. चकचकीत पट्टीवर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग येतो, सुमारे २२० अंशांना. मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० च्या सुमाराला निळा. विळीसाठी पिवळ्यावरून तपकिरीकडे जाताना पातं पुन्हा पाण्यात. लाकूड तोडायच्या कोयत्याला तो आणखी थांबायचा, जांभळ्यापर्यंत, कारण कोयत्याला धक्के बसतात आणि त्याची धार थोडी मऊ असलेली बरी. हे रंग क्षणाक्षणाला पुढे सरकतात. धातुशास्त्राच्या पुस्तकात हाच क्रम मी पुढे वाचला तेव्हा मला त्या म्हाताऱ्याबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे. पुस्तकात आकडे होते. त्याच्याकडे फक्त डोळे होते, आणि निर्णयाला श्वासभराचा वेळ.

माझी मावशी डावखुरी. तिच्यासाठी विळी करायची ठरली तेव्हा लोहारानं तिला लोहारशाळेच्या पडवीत बसवलं, समोर एक काकडी दिली आणि आपल्या विळीवर चिरायला सांगितलं. काकडी पात्यापासून बाहेर सटकत होती. तो म्हणाला, “बाय, तुझी धार उलट्या बाजूनं काढायला हवी.” आणि त्यानं तशी काढली. वर पैसे मागितले नाहीत. पाटही दोन बोटं रुंद केला, कारण मावशी अंगानं दांडगी होती. ती विळी दुसऱ्या कुणाला चालवता यायची नाही, आणि मावशीची तशी अपेक्षाही नव्हती.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. तिथे ओटा होता, उभ्यानं स्वयंपाक होता आणि आठ-छप्पन्नची लोकल होती. आईनं दिलेली विळी ओट्याखाली गेली आणि फक्त रविवारी, नारळापुरती आणि मासळीपुरती, बाहेर येऊ लागली. बाजारात तोवर स्टेनलेसच्या मिटत्या विळ्या आल्या होत्या. स्टेनलेस स्टीलबद्दल माझी तक्रार नाही. १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं सुमारे १३ टक्के क्रोमियमचं न गंजणारं पोलाद तयार केलं आणि घरोघरच्या बायकांचं पुसण्या-घासण्याचं केवढं काम वाचवलं. पण स्वस्त विळ्यांना लावलेला पत्रा कमी कार्बनचा. त्याला पाणी देता येत नाही, म्हणून धार टिकत नाही. बोथट पात्यावर बाई जोर लावते, आणि जोर लावला की हात सटकतो. हाताला जखमा बोथट पात्यानंच जास्त होतात. सायकलवर शाण लावून हिंडणारा धारवाला आमच्या कॉलनीत यायचा, तोही पुढे दिसेनासा झाला. मुंबईतल्या लोहार चाळीत तर आता विजेच्या तारा, बटणं आणि दिवे मिळतात.

माझा भाचा ओसाकाला नोकरीला होता. त्याच्याकडे गेले तेव्हा त्यानं मला शेजारच्या साकाईला नेलं. सुऱ्यांसाठी नावाजलेलं हे गाव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर जपानात तंबाखू आली, ती चिरायला इथे सुऱ्या होऊ लागल्या आणि पुढे तोकुगावा राजवटीनं त्यांना आपली खास मोहोर दिली. तिथे घडवणारा एक, धार काढणारा दुसरा, मूठ बसवणारा तिसरा, आणि प्रत्येकाची कार्यशाळा वेगळी. भट्टी बघितली आणि मी चकित झाले. मऊ लोखंडाच्या पट्टीवर कडक पोलादाची पट्टी ठेवून, तापवून, ठोकून एकजीव करत होते. आमच्या लोहारांची जुनी रीत! धार एकाच अंगानं उतरलेली. डावखुऱ्या आचाऱ्यासाठी ती उलट्या अंगानं काढावी लागते, म्हणून अशी सुरी वेगळी सांगावी लागते आणि तिचा दाम जास्त पडतो. मी भाच्याला मावशीची गोष्ट सांगितली. त्यानं ती दुकानदाराला जपानीत सांगितली, आणि त्या माणसानं मला वाकून नमस्कार केला. तो नमस्कार आमच्या लोहारासाठी होता.

अमेरिकेतही हे वेड आहे. तिथल्या लोहारांची १९७६ मध्ये स्थापन झालेली एक संस्था, अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी, पदवी देण्याआधी परीक्षा घेते. स्वतः घडवलेल्या सुरीनं मोकळा लोंबता दोर एका घावात तोडायचा, लाकडाच्या जाड फळ्या तोडायच्या, त्यानंतर त्याच धारेनं हातावरची लव काढून दाखवायची, आणि शेवटी पातं शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचं. ते मोडून पडलं तर नापास. बॉब क्रेमर नावाचा आचारी आधी धार लावू लागला, मग या परीक्षा देऊन लोहार झाला, आणि आज त्याची स्वयंपाकाची सुरी मिळवायला लोक चिठ्ठ्यांच्या सोडतीत नाव घालतात. मला यात काही वावगं वाटत नाही. इतक्या कौशल्याला इतकं मोल मिळायलाच हवं. मात्र हेच कौशल्य आपल्याकडे पायली-दोन पायली भातावर बलुत्यात मिळत होतं, आणि बलुतं गेल्यावर त्याच्या जागी योग्य दाम द्यायला आपण शिकलो नाही. आमच्या लोहाराची परीक्षा आळीतल्या बायका दुसऱ्या दिवशी केळफुलावर घेत आणि निकाल विहिरीवर सांगत.

गेल्या काही वर्षांपासून माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. गावी गेले तेव्हा त्या म्हाताऱ्या लोहाराच्या नातवाकडे गेले. भात्याच्या जागी विजेचा पंखा आहे, ऐरण तीच आहे. तो आता मुख्यतः आंबा-काजूच्या बागांसाठी कोयते करतो. म्हटलं, मला उभ्यानं चिरायला सुरी हवी. त्यानं आधी विचारलं, मासे कापणार की भाजी? ओटा कमरेच्या वर येतो की खाली? मग माझा तळवा आपल्या हातात घेऊन मुठीची रुंदी बोटांनी मोजली. सांध्यांना सूज आहे हे त्यानं न सांगता ओळखलं, आणि मूठ थोडी जाड करतो म्हणाला, म्हणजे आवळावी लागणार नाही. पाणी देताना त्यानं दार लोटून घेतलं. पट्टीवर पिवळा रंग आला, पुढे सरकला, आणि आजोबांनी बुडवलं असतं तिथेच त्यानं पातं बुडवलं. सुरी काळी आहे, ऐरणीच्या खुणा तिच्या पाठीवर तशाच आहेत, आणि तिनं चिरलेल्या कांद्यानं डोळ्यांत पाणी कमी येतं, कारण तीक्ष्ण धार कांद्याला चिरडत नाही. त्यानं सांगितलेली किंमत मला कमी वाटली. मी जास्त दिली तेव्हा त्यानं ती घेताना संकोच केला. हा संकोच आपणच त्याला शिकवला आहे.

त्याचा मुलगा चिपळूणला वायरमनचं काम शिकतो आहे. भट्टी पुढे चालेल का, असं मी विचारलं नाही. उत्तर गिऱ्हाइकांच्या हातात आहे, म्हणून ते मी तुम्हालाच विचारते. तुमच्या तालुक्याच्या आठवडे बाजारात, नाहीतर गावाबाहेरच्या रस्त्याकडेला घिसाड्यांच्या पालाशी, आजही कुणीतरी ऐरण मांडून बसलेलं असतं. एकदा त्याच्याकडे जा. तयार माल उचलू नका. तुम्ही काय चिरता, कसं बसता, कुठला हात चालतो ते त्याला सांगा आणि आपल्या मापाची विळी किंवा सुरी करून घ्या. सांगेल ती किंमत घासाघीस न करता द्या. वापरून झाली की पुसून तेलाचं बोट लावा, आणि धार गेली की नवी आणू नका, तीच घेऊन पुन्हा त्याच्याकडे जा.