पहिली दोन पानं

22 ऑगस्ट 2025, अमरावती, पोळा
पुरणपोळीची जेवणं आटोपली आणि मामीनं चिंचोक्यांचा डबा काढला. वऱ्हाडात पोळ्याला पत्ते निघतातच. कुठं कुठं पैशांवर, मग पोलिसांच्या धाडीही पडतात. आमच्याकडं चिंचोकेच. यंदा मामेभावानं तीन पत्तीऐवजी लिमिट होल्डेम मांडला: हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच, त्या सातांतून उत्तम पाच. बोली बांधलेली. पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन चिंचोके, पुढच्या दोन फेऱ्यांत चार-चार. डबाभर चिंचोके पुढं लोटून कुणी कुणाला घाबरवू शकत नाही. सगळा भार पहिल्या दोन पानांच्या निवडीवर येतो, आणि म्हणूनच मला हा खेळ आवडला.

मामी हात टाकतच नाही. "पाह्यल्याशिवाय कसं टाकू मी? पाहून तं घेऊ दे ना बाप्पा!"

23 ऑगस्ट
सकाळी कागदावर हिशेब केला. 52 पानांतून दोन पानांचे हात 1,326 होतात. त्यांत दोन एक्क्यांचे सहाच, म्हणजे 221 वाटपांत एकदा. कुठलीही जोडी 17 वाटपांत एकदा. एका माणसाच्या कुठल्याही हातासमोर एक्क्यांची जोडी शंभरात 85 वेळा जिंकते. समोर पाच जण शेवटपर्यंत बसले, तर जेमतेम निम्म्या वेळा.

मामेभाऊ म्हणाला, मग बोली वाढवायची कशाला? अरे, तिथंच तर वाढवायची! सहा जणांनी सारखेच चिंचोके टाकले, त्यात माझा वाटा एकाचा, आणि निम्मे डाव माझे. हरण्याची वेळ जास्त येते, तरी मिळकत मोठी होते.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आणणाऱ्या कायद्यावर काल राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य की नशीब, हा भेदच त्यानं ठेवला नाही. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ, असं सुप्रीम कोर्टानं 1967 साली म्हटलं होतं, आणि ते मला पटतं. पण मोबाइलवर खेळून कर्जात बुडालेली पोरं पाहिल्यावर हा कायदाही पटतो.

24 ऑगस्ट
एक्का आणि सत्ती, रंग वेगळे. मामेभावाचा जीव यातच अडकतो. मधे एक्का उतरला आणि समोर कुणाकडं एक्का-राणी असली, तर शेवटपर्यंत चिंचोके जात राहतात. टाकायचा हात आहे तो.

पंजीच्या जोडीचं निराळं. मधल्या पहिल्या तीन पानांत आणखी पंजी साधारण साडेआठ डावांत एकदा येते. समोर एकटाच असेल तर ती वाट पाहणं परवडत नाही. चार-पाच जण आधीच आत असले की परवडतं. एका रंगाच्या अठ्ठी-नव्वीचंही तसंच. आत किती जण आलेत हे शेवटी बसलेल्यालाच दिसतं, म्हणून असे हात तिथूनच खेळावेत.

1 सप्टेंबर, अकोला, महालक्ष्म्या
आंबील पिऊन सगळे सुस्तावले होते. आत्या मात्र पत्ते पिसत बसली. ती रमीतली. तेरा पानं लावली की शुद्ध सिक्वेन्सची आशा नाही, जोकर नाही, हे ती लगेच ताडते आणि वीस गुण देऊन मोकळी होते. मधे उठलं तर चाळीस, फसलं तर ऐंशीपर्यंत. "वीस देले, साठ वाचले." होल्डेम तिला समजावून सांगावा लागला नाही.

दसऱ्याला मामी इथं येणार आहे. मी आत्याच्या डावीकडं बसणार, म्हणजे माझी पाळी तिच्यानंतर येईल. मामी आत आली यावरून काहीच कळत नाही. पण आत्यानं बोली वाढवली, तर माझी एक्का-दश्शी तिथंच खाली.