ठेका नवा, गळा कोणाचा?

शालेय वार्षिकांकात ग्रंथपरीक्षण शोभते, नाट्यपरीक्षणही चालते. परंतु वरातीत वाजणाऱ्या डिस्को, हाउस आणि रिमिक्स गाण्यांचे परीक्षण कोणी लिहू लागले तर सुज्ञ पालकांच्या भुवया वर चढतील, याची आम्हांस पूर्ण कल्पना आहे. तरीही हा उद्योग आम्ही आरंभला आहे. आमचे विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील कविता परीक्षेपुरत्या ऐकतात आणि ही गाणी बारा महिने ऐकतात. जे रोज कानी पडते त्याविषयी शिक्षकाने मौन धरावे आणि जे क्वचित पडते त्यावरच व्याख्याने द्यावीत, हे शिक्षणशास्त्राच्या कोणत्या पोथीत सांगितले आहे?

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही कलाशाखेचे साधे पदवीधर. संगीताचे शास्त्र शिकलेलो नाही. मात्र नृत्याच्या गाण्याचे दोन शेजार आम्हांस लाभले. आमची मातृभाषा कोकणी. संथ, उदास मांडो संपत आला की दुलपदाची चपळ चाल सुरू होते आणि बसलेल्या माणसांचे पाय आपोआप हलू लागतात, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. पुढे नोकरीने परसवाड्यास आणले. येथे मांदराच्या तालावर करमा ऐकला, दिवाळीच्या दिवसांत रीना ऐकली, शैलाच्या दांड्यांचा खणखणाट ऐकला. आणि लग्नसराई आली की धुमालवाल्यांच्या बेंजोवर किंवा डीजेच्या गाडीवर हीच गाणी नव्या वेषात ऐकली. आवाज किती असावा हा वाद येथे नको. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी घालणारे नियम २००० सालीच झाले आहेत. आम्हांस बोलायचे आहे ते गाण्याविषयी.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. ‘डिस्को’ हा ‘दिस्कोतेक’ या फ्रेंच शब्दाचा संक्षेप. त्याचा मूळ अर्थ ध्वनिमुद्रिकांचा संग्रह, म्हणजे एका परीने तबकड्यांचे ग्रंथालयच. ‘हाउस’ हे नाव शिकागो शहरातील ‘वेअरहाउस’ नावाच्या नृत्यगृहावरून पडले असे मानतात. तेथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स नावाचा तरुण एका तबकडीत दुसरी गुंफून रात्रभर लोकांना नाचवीत असे. दोहोंचा ठेका सरळ असतो: चार मात्रा, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा एक ठोका, मिनिटास साधारणतः १२० ठोके. राहिला ‘रिमिक्स’. ध्वनिमुद्रण करताना गळा, ढोल, तंतुवाद्ये यांच्या पट्ट्या निरनिराळ्या ठेवतात. त्या नव्या प्रमाणात मिसळणे, एखादी गाळणे, एखादी लांबवणे, याचे नाव रिमिक्स. आपल्याकडे मात्र जुन्या गाण्याला नवा ठेका जोडला की त्यालाच रिमिक्स म्हणण्याचा प्रघात पडला आहे.

अशा गाण्याची परीक्षा आम्ही तीन प्रश्नांनी करतो. मुळातले काय राखले? नवे काय दिले? आणि ज्यांचे घेतले त्यांचे नाव सांगितले काय?

आता एकेक गाणे घेऊ. पहिली मुद्रिका मुंबईची. चरणजितसिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक मुद्रिका केली आणि एच. एम. व्ही.ने ती प्रसिद्ध केली. भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी अशी ती दहा नावे. साथीला माणूस नाही, सारी यंत्रे. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे त्यांनी एकत्र जुळवली होती. एक तालाचे, एक खर्जातील सुरावटीचे आणि एक मुख्य स्वरांचे. यांतील खर्जाचे यंत्र गिटारवाल्याला घरी सरावासाठी साथ मिळावी म्हणून निघाले होते. गिटारवाल्यांनी ते नाकारले, बाजारात ते पडून राहिले आणि पुढे शिकागोच्या तरुणांनी जुन्या बाजारातून स्वस्तात उचलले. त्यातून १९८७ साली ‘फ्यूचर’ या मंडळींची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही मुद्रिका निघाली आणि हाउस संगीताची एक नवी शाखा जन्मास आली. तिच्यासारखेच स्वर आपल्या मुंबईत पाच वर्षे आधी उमटले होते! शिकागोच्या तरुणांनी ही मुद्रिका ऐकून नक्कल केली, असे मात्र कोणी समजू नये. यंत्र एक होते, हात निराळे होते.

हा योग जुळला कसा, याचा आम्ही बराच विचार केला. पाश्चात्य गाण्यात खालचे सुरांचे गट सारखे बदलत राहतात. आपल्या रागात षड्ज तंबोऱ्यावर अढळ असतो आणि एकच स्वररेषा त्याभोवती फिरते. हाउसही पुष्कळदा एकाच सुरावर ठाण मांडून बसते. शिवाय त्या खर्जाच्या यंत्राला एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आपल्या मींडेची ती दूरची नातलगच. म्हणून राग या ठेक्यावर परका वाटत नाही. मुळातली स्वररेषा राखली आणि नवा नाद दिला, याचे गुण आम्ही मोकळ्या हाताने देतो. उणीव सांगायची तर लयीची. विलंबितातून द्रुताकडे जाणारी वाढ येथे नाही. पहाटेचा ललित आणि मध्यरात्रीचा मालकंस एकाच गतीने धावतात, जणू दोघांनाही एकच बस पकडायची आहे. ही मुद्रिका त्या काळी फारशी कोणी घेतली नाही. २०१० साली नेदरलँड्समधील एका संस्थेने ती पुन्हा काढली, तेव्हा कोठे जगाने तिची वाखाणणी केली. सत्तरीच्या घरातील चरणजितसिंग परदेशांत जाऊन तरुण श्रोत्यांपुढे वाजवून आले आणि २०१५ साली निवर्तले. मुद्रिकेवर नाव होते म्हणून अठ्ठावीस वर्षांनंतरही शोधणाऱ्यास माणूस सापडला. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी.

दुसरे गाणे नाझिया हसनचे. कराचीत जन्मलेली, लंडनमध्ये वाढलेली ही मुलगी १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटासाठी गायली, तेव्हा अवघी पंधरा वर्षांची, म्हणजे आमच्या दहावीच्या मुलींएवढी होती. संगीतकार बिद्दू हे मूळचे बंगळूरचे. दोघांची ‘डिस्को दीवाने’ ही मुद्रिका १९८१ साली निघाली. २०१२ साली ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या चित्रपटात विशाल-शेखर यांनी त्याच गाण्याला नवा साज चढवला. यात ठेका जाड केला आहे आणि भोवती नवे गळे आणले आहेत. मूळ गाण्यातील मोकळी जागा, म्हणजे त्या मुलीच्या आवाजाभोवतीची थंड शांतता, त्यामुळे हरवली. तथापि तिचा मूळ आवाज त्यांनी पुसला नाही; गायकांच्या यादीत तिचे नावही ठेवले. नाझिया २००० सालीच वारली होती. मृत गायिकेचा गळा नव्या पिढीच्या समारंभात सन्मानाने बसवला, हे आम्हांस आवडले.

तिसरे गाणे सर्वांच्या परिचयाचे: अजय-अतुल यांचे ‘झिंगाट’. २०१६ च्या ‘सैराट’मधील हे गाणे २०१८ साली ‘धडक’मध्ये हिंदीत आले. संगीतकार तेच, चाल तीच. शब्द मात्र दुसऱ्या कवीचे. चालकाराने आपलीच चाल पुन्हा वापरली, त्यामुळे नावाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु मुळात गावच्या पोराची जी बोली होती, तिच्या जागी कोठल्याही शहरात चालेल अशी भाषा आली. चालीने धोतर सोडून विजार नेसली. पाऊल तेच पडले, पण चालणारा कोणत्या गावचा हे कळेनासे झाले.

नावाच्या प्रश्नावर आम्ही इतका जोर का देतो, ते आमच्या मातृभाषेच्या एका उदाहरणाने सांगतो. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात गोव्याच्या ढंगाचे एक नाचाचे गाणे आहे. त्याचा एक भाग एका जुन्या दुलपदावरून घेतला आहे. त्या दुलपदात नर्तकी नावाड्याला नदीपार नेण्याची विनवणी करते. ते रचणारे होते कार्लुश युजेनियो फॅरैर. साऱ्या देशाने ती चाल गुणगुणली. फॅरैर हे नाव किती जणांनी ऐकले? चाल नदीपार गेली, नावाडी ऐलतीरीच राहिला.

आणि आता शेवटचे गाणे, जे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याला शीर्षक नाही. गेल्या लग्नसराईत परसवाड्यात ते पुनःपुन्हा वाजले. मूळ गाणे करम्याचे. एका वृद्ध बाईचा आवाज कोठेतरी मुद्रित केलेला. त्याची गती वाढवल्यामुळे तो चिरका झाला आहे. मांदराचा झुलता ठेका यंत्राच्या सरळ ठोक्याखाली दबला आहे. दर थोड्या वेळाने एक गडगडाटी आवाज डीजेचे नाव आणि गाव घोषित करतो. गाणारणीचे नाव मात्र आरंभी नाही, शेवटी नाही, कोठेच नाही.

नाचायला ते उत्तम आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. आमच्या विद्यार्थ्यांचे पाय खोटे बोलत नाहीत. परंतु नववीतील एका मुलीने जे सांगितले ते आमच्या सर्व परीक्षणाहून मोलाचे होते. ती म्हणाली, “सर, हे गाणे माझी आजी म्हणते. पण यात नुसता सवाल आहे, जबाब नाही.” करम्यात एक रांग विचारते आणि दुसरी उत्तर देते. येथे विचारणारी रांग ठेवून उत्तर देणारी कापून टाकली होती. ती बाई रात्रभर विचारीत होती आणि तिला कोणीच उत्तर देत नव्हते. हा आवाज कोणाचा, असे आम्ही त्या डीजेवाल्या तरुणास विचारले. “फोनवर आले, लावले,” एवढेच तो म्हणाला. त्याच्यावर आमचा रोष नाही. त्यालाही कोणी नाव सांगितले नव्हते.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गायक-वादकास आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क दिला आहे. त्याच दुरुस्तीनुसार प्रसिद्ध गाण्याची नवी आवृत्ती काढायची तर मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे थांबावे लागते आणि मूळ कर्त्यांचे मानधन आगाऊ भरावे लागते. परंतु जिचे नावच कोणी लिहून ठेवले नाही, ती आजी कोणत्या कचेरीत जाऊन कोणता हक्क मागणार?

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आम्ही तुम्हांस रिमिक्स ऐकू नका असे सांगत नाही. गाणे वेष बदलतच जगते. मांदर जेव्हा नवा होता तेव्हा त्यालाही कोणी नावे ठेवलीच असतील. तुमच्यापैकी कोणी उद्या यंत्रावर बसून करम्याला हाउसचा ठेका देईल, तर आम्ही पहिल्या रांगेत ऐकायला येऊ. फक्त त्याआधी एक वही करा. घरी आजी, मावशी, काकी जी गाणी म्हणतात ती सवालजबाबासह उतरवून घ्या. प्रत्येक गाण्याखाली म्हणणारीचे नाव, गाव आणि तारीख लिहा, आणि नाव लिहिण्यापूर्वी तिला विचारा. फोनवर मुद्रण करणार असाल तर आधी तिच्या तोंडून तिचे नाव वदवून घ्या, मग गाणे. आजी थोडी लाजेल, हसेल. तेही मुद्रणात राहू द्या.

त्या नववीतील मुलीने वहीला सुरुवात केली आहे. पहिल्या पानावर गाणे आहे, जबाबासकट. आणि त्याखाली, शाईने दोनदा गिरवून, तिच्या आजीचे नाव आहे.