मांजरेचं वळण

हात थरथरायला लागल्यापासून माझी कोकण किनारपट्टी सुधारली आहे. खाड्या, भूशिरं, किनाऱ्याचा दंतुरपणा आता आपोआप उतरतो. पूर्वी तो मुद्दाम आणावा लागायचा. बिघडली ती मांजरा. पाटोद्याजवळ बालाघाटात निघायचं, बीड आणि लातूरच्या मधून पूर्वेला सरकायचं, निलंग्याच्या अंगाने बीदरमध्ये उतरायचं, तेलंगणात शिरून संगारेड्डीपाशी मान वळवायची आणि निजामसागर ओलांडून थेट उत्तरेला, कंदकुर्तीला गोदावरीत. हे सगळं खडू न उचलता. ते वळण एका दमात आलं तरच नदी दिसते. हात मध्ये अडखळला की फुटक्या बांगडीचा तुकडा.

वर्गाकडे तोंड करून, फळ्याकडे न बघता महाराष्ट्राची हद्द काढणारे सर, अशी माझी नांदेडात थोडीफार ख्याती होती. ती मी निगुतीने जपली. तपासणीला कोणी येणार असलं की त्या तासाला नकाशा निघायचाच, धडा लोकसंख्येचा असला तरी. मांजरेचं वळण शेवटी ठेवायचो. पोरं टाळ्या वाजवायची आणि मी खडूची पूड झटकत काही विशेष नसल्यासारखं हसायचो.

टाळ्या संपल्या की मात्र प्रश्न यायचा. दरवर्षी, नव्या तोंडातून, तोच. "सर, नदी वरी कशी काय चढंल?"

हा प्रश्न मला आयुष्यभर पुरला. अक्षांश-रेखांश मुलं पाठ करतात, प्रमाणाचं गणित शिकवण्या लावून का होईना जमतं, समोच्च रेषासुद्धा बटाटा कापून दाखवला की कळतात. पण उत्तर म्हणजे वर आणि वर म्हणजे उंच, ही गाठ एकदा डोक्यात बसली की सुटत नाही. मांजरेचा उगम सुमारे ८२३ मीटरवर आणि संगम त्याच्या निम्म्याहूनही खाली, हे आकडे दिले. नाईल उत्तरेला वाहते, सैबेरियातल्या ओब आणि येनिसेई उत्तरेला वाहतात, आपल्याकडची चंबळ आणि शोणही, हे सांगितलं. अल्-इद्रिसी नावाच्या भूगोलज्ञाने ११५४ साली सिसिलीच्या राजासाठी केलेल्या नकाशात दक्षिण वर होती, हेही सांगून झालं. मुलं माना डोलावत. मग घटक चाचणीत बाण काढायला दिले की पाणी गोदावरीतून निघून मांजरेत उतरायचं.

पाणी खरोखर चढलं ते एकदाच, २०१६ च्या एप्रिलात. मांजरेवरचं धनेगावचं धरण आटलं आणि लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी जलविभाजक ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात, सखल मिरजेहून उंचावरच्या लातूरला. जलविभाजक शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. मिळू नये अशीच इच्छा आहे.

खेड्यातल्या मुलांचं एक बरं असतं. त्यांच्या घरी खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला अमक्याचा गट, दक्षिणेला ओढा. उगवतीचा बांध, मावळतीची विहीर हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं. शिकवणीसाठी लातुरात खोली घेऊन राहणाऱ्या मुलाला विचारा, खोलीचा दरवाजा कोणत्या दिशेला? तो मोबाइल काढतो. मोबाइलवरचा निळा ठिपका 'डावीकडे वळा' म्हणतो आणि नकाशा स्वतःच गरगर फिरतो. लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनिअर भरपूर दिले, त्याचा मला अभिमानच आहे, पण भूगोलाला त्यात पाटावर बसायला जागा नाही. २०२० साली दहावीचा एकच पेपर करोनामुळे रद्द झाला, तो आमचा. बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण दिले. कोणाचंही काही अडलं नाही. हे मला अजून लागतं.

आमच्या शिक्षकांतही आता फळा कोणाला नको. एक सहकारी स्मार्ट बोर्डावर उपग्रहाचं चित्र लावतात, पृथ्वी फिरवतात, झूम करून शाळेचं छप्पर दाखवतात. मुलं खूश. पण हातातून नकाशा उतरलेला नसला की तो डोळ्यांतही राहत नाही, असं माझं मत. हे मत मी त्यांच्या टाळ्या ऐकू आल्यावर जरा मोठ्याने मांडतो, हेही खरं.

गेल्या जूनमध्ये मांजरा माझ्याकडून सलग तीन तास तुटली. सहावीतली एक मुलगी उठली. बिलोली तालुक्यातली, मांजरेकाठची, इथे आत्याकडे राहते. म्हणाली, "सर, मी काढू का? पण इथं नाही, बाहेर."

अंगणात गेल्यावर तिने आधी विचारलं, "गोदावरी कोणीकडं हाय?" मी दक्षिणेकडे हात केला. तरी खात्रीसाठी आम्ही काठी रोवली. नांदेड ७७ अंश पूर्वेच्या जरासं पुढे, म्हणून सूर्य माथ्यावर यायला घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं होतात. शिवाय जूनमध्ये सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो. मीटरभर काठीची सावली जेमतेम सात-आठ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे. 'दुपारची सावली उत्तर दाखवते' असं घोकून आलेली मुलं चकित झाली.

मग तिने रांगोळी घेतली. पश्चिमेला उकिडवी बसली आणि सरकत सरकत निघाली. पूर्वेला, मग दक्षिणेला, मग वळून पुन्हा उत्तरेकडे, आपल्या गावाच्या दिशेने. रेघ जाड, वळण बेढब, बीदर भलतीकडेच. कंदकुर्तीला पोचल्यावर तिने हात झटकले. बाकीची पोरं त्या रेघेवरून चालली. नदी वर कशी चढेल, हे कोणी विचारलं नाही. तिथे वर काही नव्हतंच.

मला ते फारसं आवडलं नाही. बीदर दुरुस्त करायच्या निमित्ताने मी रांगोळीची चिमूट मागून घेतली आणि वळण पुन्हा काढलं. जमिनीवर गुडघा टेकला की हात कमी थरथरतो, हे तेव्हा कळलं. वळण बरं आलं. टाळी मात्र पडली नाही. मुलं केव्हाच संगमावर पोचली होती.

तेव्हापासून मी दोष भिंतीला देतो. उभ्या फळ्यावर उत्तर आभाळाकडे जाते. आमच्या वर्गात तर फळा पश्चिमेच्या भिंतीला आहे. तिकडे तोंड केलं की उजवा हात खऱ्या उत्तरेला आणि नकाशातली पूर्वही तिकडेच. मुलाने कशावर विश्वास ठेवायचा? फळा उत्तरेच्या भिंतीला असता तर मनातल्या मनात तो पुढे आडवा केला की नकाशा जमिनीवर जागच्या जागी बसला असता.

मराठवाड्यात अजून पुष्कळ वर्गखोल्या बांधायच्या राहिल्या आहेत. आपण शाळा समितीत असाल, किंवा आराखड्यावर सही करणाऱ्यांत असाल, तर एवढं बघा: फळा उत्तरेच्या भिंतीला घ्या. खर्च तेवढाच येतो.