गब्बर, तैलरंग, अडीच फूट बाय दोन

आपल्याकडे माणसाला भिंतीवर जागा मिळवायची तर आधी जग सोडावं लागतं. त्याशिवाय चंदनाचा हार नाही की झिरोचा बल्ब नाही. जन्मभर ज्यांना घरात कोणी विचारलं नाही असे किती तरी आजोबा भिंतीवरून मात्र मोठ्या रुबाबात घराकडे बघत असतात. हा मान आजवर माणसांपुरता होता. माझ्या ताईनं तो कुत्र्यालाही मिळवून दिला.

गब्बर हा ताईकडचा कुत्रा. काळा, गावठी, छातीवर पांढरा ठिपका. नाव ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला होता. फटाका वाजला की हा पलंगाखाली आणि कुकरची शिट्टी झाली की दाजींच्या मांडीवर. बारा वर्षं त्यानं घराची राखण केली, म्हणजे घरानं त्याची केली. तो गेला तेव्हा ताई चार दिवस धड जेवली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘मला त्याचं चित्र हवंय. हातानं काढलेलं. नातवंडांनी नीट सांभाळावं असं.’’

‘‘अगं, मोबाइलमध्ये चार हजार फोटो आहेत की त्याचे!’’ दाजी म्हणाले.

‘‘त्यातले बघितलेत किती?’’

दाजींनी पेपर उघडला. संसारात हे उत्तर पुष्कळ प्रश्नांना चालतं.

चित्रकाराकडे जाताना मला सोबत घेतलं, कारण मी बँकेत. बँकेतला माणूस भाव कमी करून देतो असा एक समज आहे. साठीचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून दाजींनी विचारलं, ‘‘हे फ्रेमसकट ना?’’

‘‘फ्रेम वेगळी,’’ ते म्हणाले.

मी कॉमर्सचा पदवीधर. कुठलीही रक्कम दिसली की तिचा तपशील मागितल्याशिवाय मला झोप येत नाही. मी तो मागितला आणि त्यांनी दिला.

पहिली रक्कम कापडाची. सुती कॅनव्हासही चालतो, पण जुने चित्रकार पसंत करतात ते लिनन. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठातला धागा. रंग ज्या तेलात खलतात ते तेलही जवसाच्या बियांचंच. ‘‘म्हणजे आम्ही ज्याची चटणी करतो तेच?’’ ताईनं विचारलं. तेच! एकाच झाडाचं देठ खाली आणि बी वर. पण गंमत अशी, की या सख्ख्या नातेवाइकांना थेट एकत्र ठेवता येत नाही. तेल कापडात मुरलं की ते कापड काही वर्षांत कुजवतं. म्हणून कापडावर आधी सरसाचा हात, त्यावर पांढरं अस्तर आणि मग रंग. सख्ख्या भावांच्या घरांमध्ये एक भिंत असली की संबंध टिकतात, तसंच हे.

दुसरी रक्कम वेळेची. मला वाटत होतं, तैलरंग ओल्या टॉवेलसारखा वाळत असेल. तसं नसतं. त्यातून काही उडून जात नाही, उलट तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. वरून हाताला कोरडं लागायला काही दिवस पुरतात, पण वरचं नेहमीचं व्हार्निश द्यायला सहा महिने ते वर्षभर थांबणं बरं. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा नियम. उलट केलं तर वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला भेगा पडतात. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज जातं, एवढंच आम्ही काउंटरवर सांगतो. इथं मुद्दलच तडकतं.

तिसरी रक्कम रंगांची. स्वस्त ट्यूबमधले काही रंग उन्हानं विटतात, म्हणून चांगल्या ट्यूबवर तो उजेडात किती टिकेल याची प्रत छापलेली असते. काळ्या रंगांत एक जुना, भरवशाचा रंग आहे, तो हाडं जाळून करतात. गब्बरला हे कळलं असतं तर त्यानं ती ट्यूब चित्र सुरू व्हायच्या आत संपवली असती. पण काळा कुत्रा नुसत्या काळ्यानं रंगवला तर भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. म्हणून गडद तपकिरी आणि निळा मिसळून तो काळा उभा करायचा, पाठीवर जिथं आकाशाचा उजेड पडतो तिथं निळा थोडा जास्त. हा अल्ट्रामरीन निळा एके काळी अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या दगडापासून निघे आणि त्याचे भाव सोन्याच्या पंक्तीला बसत. १८२८ साली फ्रान्समध्ये तो कारखान्यात करण्याची रीत निघाली, म्हणून आज तो गब्बरच्या पाठीला परवडतो.

ब्रशांची रक्कम मी स्वतःहून विचारली. जाड कामाला डुकराचे राठ केस. बारीक कामाला पूर्वी मुंगसाचे केस वापरत. वन्यजीव कायद्यानं ते आता बंद आहे, म्हणून नायलॉन. अंगावरचा एकेक केस काढत बसायचा नसतो. आधी उजेडाचे आणि सावलीचे मोठे पट्टे घालायचे आणि केस दाखवायचे ते फक्त कडांना. बाकीचे केस बघणारा आपल्या मनानं काढून घेतो.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘याचा पडलेला कान कुठला? डावा की उजवा?’’

‘‘डावा,’’ ताई म्हणाली.

‘‘उजवा,’’ दाजी म्हणाले.

भाच्यानं मोबाइल काढला. निम्म्या फोटोंत डावा कान पडलेला, निम्म्यांत उजवा! बारा वर्षं ज्याच्या कानामागे खाजवलं त्याचा कान कोणाला सांगता येईना. ताईचे डोळे भरून आले. इथं मात्र माझी नोकरी उपयोगी पडली. वीस वर्षं चेकवरच्या सह्या ताडून बघितल्यात. मी फोटोतला कुत्रा सोडला आणि मागची भिंत बघितली. एका फोटोत कॅलेंडरवरचे आकडे उलटे होते. तो भाच्यानं समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला सेल्फी, आरशासारखा उलटलेला. आकडे सुलटे असलेल्या प्रत्येक फोटोत कान डावाच होता. ताई जिंकली, पण दाजींकडे विजयानं बघायचं विसरून गेली, यावरून तिला किती लागलं होतं ते कळावं.

चित्रकार म्हणाले, ‘‘कुत्रा गेल्यावर चित्र काढणारे आपण काही पहिले नव्हे. ग्रामोफोनच्या तबकडीवरचा कुत्रा आठवतो ना?’’ आठवतो म्हणजे काय! बालगंधर्व कर्ण्यातून गात आणि तो ऐकत बसे, अशीच आमच्या आजीची समजूत होती. त्या कुत्र्याचं नाव निपर. तो १८९५ साली गेला आणि फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकारानं त्याचं चित्र त्यानंतर काढलं. मुळात निपर ऐकत होता ते नळकांड्या वाजवणारं फोनोग्राफ यंत्र. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीनं सांगितलं, आमचं यंत्र काढा, मग चित्र घेतो. बॅरॉडनं जुन्या यंत्रावर नवं रंगवलं आणि त्याला चित्राचे पन्नास आणि हक्कांचे पन्नास पौंड मिळाले. विशिष्ट उजेडात ते खालचं यंत्र अजून पुसटसं दिसतं म्हणतात. यंत्र बदललं, मालक बदलले, कुत्रा तसाच बसून आहे. पक्का माल म्हणतात तो हा.

गब्बरचं चित्र व्हायला पावसाळा गेला. व्हार्निश चढायला आणखी वर्ष. हे व्हार्निश मुद्दाम काढता येईल असं देतात. पन्नास वर्षांनी धूळ-धूर बसून पिवळं पडलं की जाणकारानं ते पुसून काढायचं आणि नवं द्यायचं, खालच्या रंगाला धक्का लागत नाही. चित्र ओलीच्या भिंतीला आणि थेट उन्हात टांगायचं नाही. कापड सैल झालं तर चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतात, त्या हलकेच ठोकायच्या. आयकराचे नियम फर्निचरवर दहा टक्के घसारा धरतात, पण ज्या सोफ्याचे पाय गब्बरनं कुरतडले तो सोफा भंगारात जाईल तेव्हाही हा वर बसून बघत असेल.

‘‘मागं नाव लिहून ठेवा,’’ चित्रकार म्हणाले. ‘‘कापडावर नको, शाई पुढं उमटते. कागदावर लिहा आणि फ्रेमच्या पाठीवर लावा. माझ्याकडे दुरुस्तीला चित्रं येतात, रंग शाबूत असतो, पण हा कोण ते घरात कोणाला माहीत नसतं.’’

मला हे लगेच पटलं. नॉमिनीचं नाव नसलेलं खातं असंच असतं, रक्कम शाबूत आणि विचारणारं कोणी नाही.

कागद मीच लिहिला, अक्षर बँकेचं म्हणून. कापड लिनन, तेल जवसाचं, रंग अमुक, वर्ष तमुक, नाव गब्बर. ताईनं वाचला आणि म्हणाली, ‘‘एवढ्यावर पणतवंडांना वाटेल, कोणी तरी शूर कुत्रा होता.’’ मग माझ्या हातातलं पेन घेऊन खाली तिनं आपल्या अक्षरात लिहिलं: ‘फटाक्यांना भ्यायचा. दिवाळीत याच्याजवळ कोणी तरी बसावं लागे.’